शेजारी-शेजारी की एकावर एक

सोमवार, ३
नोकरी लागली. बोर्ड छापणाऱ्या दुकानात, डिझायनर. म्हणजे मी डिझायनर आहे असं ताईने मालकांना सांगितलंय. शनिवारपर्यंत टिकलो तर कायम. नाहीतर नोकरीही गेली आणि ताईकडचा सोफाही. भाऊजी म्हणाले, सोफा बसायला घेतला होता. मी हसलो. ते हसले नाहीत.

पहिलं काम, दातांच्या डॉक्टरीणबाईंचा बोर्ड. गुरुवारी दवाखाना उघडतोय. सोपं आहे. पण कॉम्प्युटरवर मजकूर, फोटो, फॉन्ट, माझी गाणी, सगळ्या विंडो एकावर एक पडलेल्या. आधी ही गर्दी मार्गी लावतो. पाया पक्का हवा.

मंगळवार, ४
पद्धत पहिली, आल्ट-टॅब. पत्ते पिसल्यासारखं वाटतं, झकास. फक्त हवी ती सोडून बाकी सगळ्या विंडो येतात. दुपार त्यातच गेली.

पद्धत दुसरी, स्क्रीनचे दोन भाग, शेजारी-शेजारी. छान. पण बोर्ड लांबलचक, अर्ध्या स्क्रीनवर नुसती दाढ दिसते.

तिसरी, चार भाग. आता काहीच दिसत नाही, पण शिस्त आहे.

मालकांनी विचारलं, बोर्ड कुठवर आला. म्हटलं, व्यवस्था लागली की झालाच. म्हणाले, नमनालाच घडाभर तेल जाळतोयस.
जुनी माणसं.

बुधवार, ५
शोध लागला! एकाच कॉम्प्युटरवर वेगवेगळे डेस्कटॉप करता येतात. मी केले: 'काम', 'संशोधन', 'विश्रांती'. सुरुवात विश्रांतीपासून.

मग 'संशोधन'वर चारही पद्धतींचा तक्ता केला. 'कोणती पद्धत उत्तम? सविस्तर तुलना.' बोर्डाच्याच प्रोग्रॅममध्ये, बोर्डाच्याच मापात. तेच हाताशी होतं. लाल मथळा, पिवळे रकाने. देखणा झालाय.

संध्याकाळी बोर्डही उरकला. तो 'काम'वर. इथली रीत अशी, की सकाळी आल्या आल्या मालक चष्मा लावायच्या आधीच बटण दाबतात. स्क्रीनवर समोर असेल ते छापलं जातं. म्हणून बोर्ड समोर ठेवला. निघता निघता तक्त्यातला पिवळा जरा गडद केला, बस.

गुरुवार, ६
फिटरदादा सकाळीच बोर्ड लावून आले. ते छापलेलं वाचत नाहीत, सरळ लागला का तेवढं बघतात. सरळ लागला होता.

मग डॉक्टरीणबाईंचा फोन. दवाखान्यावर त्यांचं नाव नाही, दात नाही, सहा फूट तक्ता आहे. एका आजोबांनी खुर्चीत बसून विचारलं, यातली कमी दुखणारी पद्धत कोणती.

मालकांनी फोन ठेवला. मग म्हणाले, तुझ्या ताईच्या तोंडाकडे बघून शनिवारपर्यंत ठेवतो. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. फिटरबरोबर जा आणि शिडी धर.

एकंदरीत बरंच झालं. संशोधन छापून येणं सगळ्यांच्या नशिबी नसतं.

शुक्रवार, ७
शिडी. एकच वस्तू, एकच काम. मला हेच हवं होतं. फिटरदादांना म्हटलं, डोक्यातली गर्दी गेली बघा. ते वरून म्हणाले, बाळा, डोक्यातलं राहू दे, शिडीच्या पायाकडे बघ.
नोकरी पक्की समजायला हरकत नाही.

शनिवार, ८
शिडी तीन प्रकारे धरता येते. समोरून, बाजूने आणि पाठ टेकवून. तुलना करून बघितली. एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना मध्ये हात सुटतात, हे आधी लक्षात आलं नव्हतं. फिटरदादा ठीक आहेत, खाली कुंपणाची झुडपं होती. त्यांनी झुडपातूनच मालकांना फोन लावला.

घरी आलो. सोफ्यावरची चादर निघालेली, भाऊजी पाय पसरून बसलेले. ताईने दाराकडे बोट केलं. माझी बॅग दाराशी, भरून तयार.

उघडून बघितली. कपडे एकावर एक न रचता गुंडाळून शेजारी-शेजारी लावलेत. पद्धत खरंच चांगली आहे. अर्धी बॅग अजून रिकामी.