जुन्या दोरीचं माप

४ फेब्रुवारी

ती. मोठ्या काकांस,
कृ. सा. न. वि. वि.

पाकिटावर माझं अक्षर बघून धसका घेऊ नका. आई बरी आहे, मीही बरी आहे. घशाच्या ऑपरेशननंतर तुमचा आवाज गेला, त्यामुळे फोनवर मीच एकटी बडबडणार आणि तुम्हाला हूं की चूं करता येणार नाही. म्हणून काकूंनीच सुचवलं की पत्र लिही. तुम्ही हल्ली वहीत लिहून भांडता आणि त्यामुळे अक्षर फार सुधारलंय, असंही त्या म्हणाल्या.

काम असं आहे. बाबांना जाऊन आठ महिने झाले. त्यांचं कंपाऊंड धनुष्य अजून पुढच्या खोलीत, दाराशेजारच्या खिळ्यावर आहे. आई रोज त्यावरून फडकं फिरवते आणि रोज मला सुनावते की एक तर कुणाला देऊन टाक, नाहीतर तू तरी चालव, नुसतं लटकलेलं बघवत नाही. देऊन टाकायला माझा जीव होत नाही. शाळेत असताना बाबांनी मला शिकवलं होतं, ते हात अजून विसरलेले नाहीत. म्हणून रविवारी ते घेऊन क्लबच्या मैदानावर गेले, तर तिथल्या सेक्रेटरींनी मला ओढूच दिलं नाही. दोरीला लव सुटली आहे, ताणताना तुटली तर तोंडावर येईल, असं ते म्हणाले. दोऱ्या बदलून देणारा इथला एकमेव दुकानदार कधीच गाशा गुंडाळून गेला.

तेव्हा हे घरीच करायचं म्हणते. दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासते, बारीक कामाची सवय आहे. तुमचा जन्म धनुष्यं दुरुस्त करण्यात गेला. मला पत्रातून शिकवाल का?

एक गोष्ट मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. शेवटची पाच वर्षं तुम्ही आणि बाबा एकमेकांशी बोलत नव्हतात. का, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आपल्या घरात विचारायची पद्धतच नाही. तुम्हाला त्या धनुष्याचं काहीच नको असेल तर तसं कळवा. मी मनाला लावून घेणार नाही.

काकूंना नमस्कार. माया आहे ती तशीच ठेवावी.

आपली,
भिंगरी

१५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझी काकू घरभेदी आहे हे आज कळलं असं नाही.

शिकवतो. पण आधी कान उघडे ठेवून ऐक, म्हणजे डोळे उघडे ठेवून वाच. कंपाऊंड धनुष्याच्या वरच्या-खालच्या पात्यांत भरपूर ताण असतो, तो हाताने सोडवता येत नाही. सुतळी कापावी तशी दोरी कापलीस तर हात जाईल. त्यासाठी प्रेस लागते. माझी छोटी प्रेस ट्रान्सपोर्टने पाठवली आहे. तिच्यात धनुष्य आडवं बसव आणि हँडल हळूहळू फिरव. पाती आत दबली की दोरी आपोआप सैल पडते. त्याआधी सगळी मापं लिहून काढ: वरच्या चाकाच्या आसापासून खालच्या चाकाच्या आसापर्यंत किती, मुठीपासून दोरी किती लांब, बाण कुठे अडकतो, डोळ्यासमोर येणारी भोकाची कडी दोरीत कुठे बसली आहे. दोन्ही चाकांचे फोटो काढ. दोरी एक आणि केबली दोन, तिन्ही एकदम काढू नकोस. आणि बाण लावल्याशिवाय ओढलेलं धनुष्य कधी सोडायचं नाही. रिकामा फटका धनुष्याला सोसत नाही, पाती तडकतात.

दोन्ही हात पसरून भिंतीला टेकून उभी राहा आणि बोटांच्या टोकापासून टोकापर्यंत माप घेऊन कळव, त्याला अडीचने भागलं की तुझ्या ओढीचं माप मिळतं. धनुष्य धाकट्याच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या, हाताला बसवलेलं आहे, तुझा हात आखूड.

आता तुझं दुसरं. विचारलं नाहीस म्हणतेस, पण विचारलंसच की. तेव्हा सांगतो. पाच वर्षांपूर्वी त्याची नवी दोरी मी माझ्या शेडमध्ये वळली, धनुष्यावर चढवली, चाकं जुळवून दिली. क्लबचे चौघे तिथे चहा पीत बसले होते. धाकटा म्हणाला, वरचं चाक जरा मागे पडतंय. पडत नव्हतं. मी त्या चौघांदेखत त्याला म्हणालो की तुला बाण मारता येतो, धनुष्य कळत नाही, तुझ्या सगळ्या बक्षिसांत अर्धं बक्षीस माझं आहे. तो धनुष्य उचलून निघाला. तेव्हाही मला गप्प राहवलं नाही. पाठीमागून ओरडलो, दोरी झिजली की येशील गुमान परत. तेव्हा आवाज होता, त्याचा हा उपयोग केला.

माझ्या हातची दोरी दोन वर्षं टिकते, फार तर अडीच. मी मोजत होतो. दोन झाली, अडीच झाली, तीन झाली. तो आला नाही. तेव्हा समजलो की त्याने दुसऱ्या कुणाची तरी दोरी चढवली. सुंठीवाचून खोकला गेला, असं तुझ्या काकूला म्हणालो आणि त्या दिवशी जेवलो नाही. त्याला पोचवायला आलो तेव्हा मी फाटकापाशी उभा होतो. ऑपरेशन होऊन महिनाच झाला होता. बोलता येत असतं तरी काय बोललो असतो, कोण जाणे.

असो. आत्ता त्यावर जी कुठल्या दुकानाची दोरी असेल ती काढ आणि कचऱ्यात टाक. ठेवू नकोस. तुझ्या आईस आशीर्वाद.

तुझा,
काका

९ मार्च

ती. मोठ्या काकांस,
कृ. सा. न. वि. वि.

प्रेस पोचली. तुम्ही तिला छोटी म्हणता, ट्रान्सपोर्टवाल्याच्या माणसाने मात्र जिना चढताना तुमच्या नावाने बोटं मोडली. जेवणाच्या टेबलाला ती क्लॅम्पने आवळली, त्यामुळे आम्ही दोघी आठवडाभर ताट मांडीवर घेऊन जेवतोय.

शनिवारी दुकान अर्धा दिवस असतं, तेव्हा कामाला लागले. आई टॉर्च धरून उभी होती. मापं लिहिली, फोटो काढले. हँडल फिरवताना पाती कुरकुरली तशी आईने टॉर्चसकट डोळे मिटून घेतले, म्हणजे टॉर्च छताकडे. दोरी सैल पडून हातात आली. तीन बोटांनी बाबा जिथे धरायचे तिथे ती काळी पडली आहे.

हात पसरून माप सदुसष्ट इंच भरलं. म्हणजे तुमच्या हिशेबाने बाबांचं माप मला दोन इंच जास्त होतंय. ते बदलायलाच हवं का? बदललं की ते त्यांचं राहणार नाही.

आता मी जे लिहिणार आहे ते नीट वाचा. नवी दोरी आणायच्या आधी बाबांच्या कपाटात काही सापडतं का म्हणून पाहिलं. खालच्या खणात दोऱ्यांची तीन पाकिटं मिळाली, तीन वेगवेगळ्या वर्षांची. एक क्लबच्या मित्रांनी वाढदिवसाला दिलेलं, दोन त्यांनी स्वतः विकत घेतलेली. तिन्ही सीलबंद. शेजारी मेणाची डबी, तळापर्यंत संपलेली.

दुसरं असं. तीन वर्षांपूर्वी बाबांचे बाण खाली पडायला लागले, संघातून नाव गेलं, तेव्हा त्यांनी सगळ्यांना सांगितलं की नजर गेली. मी त्यांना ओढत दुकानात नेलं आणि स्वतः डोळे तपासले. शेवटची ओळ त्यांनी घडाघडा वाचली. नजर माझ्यापेक्षा चांगली होती. मी तसं म्हटलं, तर क्लबात कुणाला सांगू नकोस म्हणाले. मला वाटलं, कसलं तरी दुखणं लपवताहेत. मी पुन्हा विचारलं नाही. ते पुढे दोनेक वर्षांनी हृदयविकाराने गेले, म्हणून आजवर समजत होते की तेच ते दुखणं.

तिसरं. काढलेली दोरी मी भिंगाखाली धरून पाहिली, सवयच आहे. तिच्या टोकांवर दोऱ्याची जी घट्ट गुंडाळी असते, ती पाकिटांतल्या दोऱ्यांवर एका दिशेने फिरते आणि हिच्यावर बरोबर उलटी. लहानपणी तुमच्या शेडमध्ये बसून तुम्हाला डाव्या हाताने काम करताना मी तासन्‌तास पाहिलं आहे. मला काय वाटतं ते लिहीत नाही. तुमचा हुकूम मोडून दोरी कचऱ्यात न टाकता या पत्रासोबत पाठवते आहे. तुम्हीच बघा.

आईने भाऊजींना नमस्कार सांगितला आहे. दोरीचं पाकीट तिनेच शिवलं. लोभ कमी न व्हावा.

आपली,
भिंगरी

२० मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

दोरी पोचली. माझीच आहे.

पाकीट उघडलं आणि बोट फिरवलं तेव्हाच कळलं, भिंगाची गरज नव्हती. उलट्या गुंडाळीवरून शेडमधली पोरं मला जन्मभर हसली. तरी खिळ्याला अडकवून ताणली आणि माप घेतलं. मी वळली त्यापेक्षा तीन सूत लांब भरली. पाच वर्षं. माझ्या दोन वर्षांच्या दोरीवर त्याने पाच वर्षं काढली, आठवड्याच्या आठवड्याला मेण लावून.

तुला समजावं म्हणून सांगतो. दोरी अशी वाढली की ताण उतरतो आणि बाण खाली पडतो. आणि दोरी वाढता वाढता पिळाबरोबर ती डोळ्यासमोरची कडी फिरते. ओढून धरलं की भोक आडवं होतं आणि पलीकडचं काही दिसत नाही. त्याची नजर शाबूत होती गं. त्याला दिसत नव्हतं ते माझ्या दोरीमुळे. दोन दिवसांचं काम होतं. कुणाचीही नवी दोरी चढवली असती तर संघात राहिला असता. तेवढं सोडून बाकी सगळं केलं गाढवाने. माझ्याकडे आला नाही आणि माझी दोरीही सोडली नाही.

मी त्याच्यावर तीन वर्षं मनातल्या मनात आरोप ठेवला की याने मला काढून टाकलं. भिंगरी, मी ढसाढसा रडलो. आवाज नसलेला माणूस रडतो ते कसं दिसतं हे तुझ्या काकूलाच विचार, ती घाबरून शेजाऱ्यांना बोलवायला निघाली होती.

मी म्हटलं होतं, दोरी झिजली की येशील गुमान परत. दोरी आली. तो नाही आला.

नवा जोड सोबत पाठवतो आहे, एक दोरी आणि दोन केबली. डाव्या हाताची दोन बोटं आता नीट मिटत नाहीत, म्हणून गुंडाळी काकूने धरली आणि मी ओढली. चार दिवस लागले, पूर्वी एक सकाळ लागायची. चढवताना टोक हातातून सोडू नकोस, पीळ उलगडला तर माप बिघडेल. मग दोन्ही चाकं ओढीच्या शेवटाला एकदम टेकतात का ते बघ. एक मागे पडत असेल तर त्याच्या केबलीला अर्धा पीळ दे, जास्त नको. पन्नास बाण मारल्यावर पुन्हा तपास, नवी दोरी थोडी बसते.

माप बदलायचंच. चाकावरचा ओढीचं माप ठरवणारा तुकडा चार घरं, म्हणजे दोन इंच, मागे घे. त्याच्या मापाने ओढत बसशील तर खांदा धरेल आणि बाणही भलतीकडे जाईल. ते धनुष्य त्याचं राहावं म्हणून तू हात लांब करून घेणार आहेस का? आपल्या घराण्यात एवढा हट्टीपणा पुरे झाला.

शेवटी चौकटीला कागद ताणून लाव आणि दहा पावलांवरून त्यातून बाण मार. कागद जसा फाटेल तसं कळव. तुझ्या आईस आशीर्वाद. जुनी दोरी मी परत देणार नाही.

तुझा,
काका

१७ एप्रिल

ती. मोठ्या काकांस,
कृ. सा. न. वि. वि.

दोऱ्या चढल्या. खालचं चाक मागे पडत होतं, मी शहाणपणा करून पूर्ण पीळ दिला आणि मग वरचं मागे पडायला लागलं. पुन्हा प्रेस, पुन्हा मांडीवर ताट. तिसऱ्या खेपेला दोन्ही एकदम टेकली. माप चार घरं मागे घेतलं. स्क्रू सोडवताना आई खोलीतून निघून गेली आणि घट्ट केल्यावर परत आली.

चार दिवसांपूर्वी क्लबच्या मैदानावर कागद लावला. पहिला बाण उजवीकडे बोटभर फाडून गेला. बाण ज्यावर टेकतो ते टेकण बारीक बारीक सरकवत सात बाण मारले. आठव्याला कागदात नुसतं गोल भोक पडलं, कुठेही चीर नाही. कडी सरळ उभी राहते आणि तिच्यातून सगळं स्वच्छ दिसतं. बाबांना हे दिसायला हवं होतं, एवढं एकच डोक्यात होतं. तो कागद सोबत पाठवते आहे.

घरी आल्यावर तुमचं मागचं पत्र आईला पहिल्यांदा सगळं वाचून दाखवलं. तिने पत्र माझ्या हातून घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाली की तिला माहीत होतं. दर रविवारी बाबा दोरीला मेण लावायचे तेव्हा ती म्हणायची की भाऊजींना एक फोन करा. तर बाबा म्हणायचे, दादाला दोरीचं आयुष्य पाठ आहे. दोन वर्षं झाली की तो स्वतःच विचारेल, दोरीचं काय झालं म्हणून. तो विचारू दे, मग सांगेन की अजून तुझीच आहे. तिसऱ्या वर्षीही तेच म्हणायचे. पुढे म्हणेनासे झाले, पण मेण लावायचे. आईला त्यांनी शपथ घातली होती, आणि ते गेल्यावर तुम्हाला सांगून तुमचा जीव कशाला जाळायचा म्हणून ती गप्प राहिली.

तुम्ही मोजत होतात आणि ते वाट बघत होते, एकाच दोरीवर. हे तुम्हाला लिहू की नको, यात तीन दिवस गेले. पण लपवून ठेवायचं काम या घरात खूप झालं.

मीही बाबांचे डोळे तपासून गप्प बसले. म्हणून आता विचारते. पन्नास बाण मारून झाले, काका, दोरी पुन्हा तपासायला हवी. पुढची खोली रिकामी आहे, प्रेस टेबलावरच आहे. बोलायची काळजी नको, वही घेऊन या. कधी येताय?

काकूंना नमस्कार. लोभ आहेच, फक्त आता तो विचारत जावा.

आपली,
भिंगरी