सोलरच्या टेबलाची किल्ली

कुळगाव,
२० जुलै १९९४, सकाळ

चि. सुदाम यास,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

मी तुळशीमावशीच्या पडवीत बसून लिहितोय. मावशी बरी आहे, तुझी आठवण काढते. गाड्या बंद असल्यामुळे कॅम्प तीनच्या घरून निरोप नाही, पण तिथलं आपलं वर्कशॉप उंचावर आहे, तिथे पाणी येत नाही. तुझी धाकटी आता चालायला लागली असेल. अक्षर वाकडं आलंय, चालवून घे.

तू वर्कशॉप सोडून वांगणीला गेलास त्यानंतरचं हे पहिलं पत्र, आणि तेही कामाचं. रागाने फाडू नकोस, आधी पूर्ण वाच. पत्र आणणारा वाळू म्हणजे पाड्यावरचाच. सोलरच्या खांबांचे खड्डे खणताना तुमच्या दोघांची गाणी चालायची आणि मी ओरडायचो, तोच.

पाड्यावर दवाखान्याच्या खोलीपुढे आपण खांबांवर लोखंडी टेबल करून त्यावर सोलर पॅनल बसवले, सापाच्या लसीच्या फ्रिजसाठी. पुराची खूण आपण उंबराच्या फांद्यांत अडकलेल्या काटक्यांवरून घेतली आणि खांब त्याच्यावर हातभर काढले. पाणी अजून त्या खुणेच्या खाली आहे. उंची माझी बरोबर होती. खरं आहे म्हणून लिहितो.

पण उंच केलं की वारा जास्त धरतो. म्हणून तर टेबलाला बिजागरी दिली, दोन पिना दिल्या. वादळ दिसलं की पिना ओढायच्या, टेबल आडवं करायचं, वारा वरून-खालून निघून जातो. तिरकं राहिलं की वारा पाठीमागून शिरतो आणि खांबासकट उपटायला बघतो.

टेबल तिरकंच आहे, सुदाम. पश्चिमेच्या खांबाभोवतीची माती पाण्याने नेली. वाळू म्हणतो, खांब वाऱ्याने हलताना दिसतो. पडला तर दवाखान्याच्या पत्र्यावर पडणार. आणि पत्र्याखाली सगळा पाडा बसलाय, म्हातारे, पोरं, शेळ्या. चहूकडे पाणी, तेवढीच एक उंच जागा.

पिना कुणी का ओढल्या नाहीत, हे तू विचारणार. त्यांना कुलूप आहे. तू नको म्हणत होतास तरी मी लावलंच. घण पोचू नये म्हणून वरून पत्र्याची पेटी वेल्ड केली, आणि काम इतकं साफ झालं की मी दोनदा लांब जाऊन बघून आलो. तू म्हणालास, "दादा, ही माणसं घराला कुलूप लावत नाहीत आणि तू उन्हाला लावतोस!" मी चार लोकांत म्हणालो, "पाचवी नापास, मला शिकवतोय." तू पाना खाली ठेवलास आणि निघालास.

पोरांनी हात लावू नये म्हणून आणखी एक केलं. खांबाला शिवलात तर करंट मारील, जागच्या जागी काळे व्हाल, असं सगळ्यांना सांगितलं. आज वाळूला म्हणालो, ते खोटं होतं रे, बिनधास्त धर. तो हसला. "मिस्त्री, त्या बारीला खरं म्हनलास, आता खोटं म्हनतोस. कोंचं मानू?" त्याच्या हाती नुसती किल्ली देऊन भागत नाही ते यासाठी. तू त्याच्याबरोबर पाड्यावर जा, खांबाला आधी तू हात लाव. त्यांच्यादेखत. मग ते येतील. तुझं ते मानतात.

मी स्वतः का गेलो नाही? गेलो होतो. काल ओढ्यावरच्या बुडालेल्या फरशीवरून पाण्यात उतरलो. मला पोहता येत नाही हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. धारेने पाय उचलले. दोघांनी ओढून काढलं म्हणून आहे. उजवं मनगट गेलंय, हे डाव्या हाताने लिहितोय. गुडघा टेकववत नाही, नाहीतर डोंगरावरून रांगत गेलो असतो.

दवाखान्यात जूनपासून नवी नर्स आहे. अंजनी. आपली अंजनी. माझी पोरगी तिथे आहे हे तुला कळवायलाही माझं तोंड उघडलं नाही. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "बाबा, किल्ली माझ्याकडे ठेवा ना, वारा काय तुम्हाला विचारून येणारे?" मी म्हणालो, "तू सुया टोच. पान्याचं मी बघतो." तिने वाळूला पाठवलंय. चिठ्ठी नाही, रडणं नाही, एवढाच निरोप: बाबांना सांग, किल्ली पाठवा.

पहिल्यांदा टेबलाच्या दोन्ही कोपऱ्यांना दोर बांध, दोराला दोन-दोन माणसं लाव. मग कुलूप. दोन्ही पिना एकदम ओढा, एक आधी निघाली तर फ्रेम पिळते. खालच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही. तूसुद्धा नाही. ओढा ओलांडायला वाळूकडे टायरची फुगवलेली ट्यूब आहे. पाणी फार वाटलं तर... काय लिहू? तुलाही मुलगी आहे.

किल्ली वाळूच्या गळ्यात बांधली आहे. टेबल आडवं झालं की कुलूप पाण्यात टाक, माझ्याकडे आणू नकोस.

वाळू दारात खोळंबलाय. एका हाताने हात जोडता येत नाहीत, सुदाम. जोडलेत असं समज.

तुझा दादा
बबन