मोठ्या सुनेचा हिरा

५ जानेवारी, रविवार
आज घरात अर्धा दिवस माझ्या बोटावर चर्चा. बोट माझं, पण मला कोणी काही विचारलं नाही.

धाकटा दीर आकाश, त्याचा साखरपुडा २ फेब्रुवारीला. त्याने होणाऱ्या बायकोसाठी घेतलेल्या अंगठीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. हिरा वाटाण्याएवढा दिसतोय. फार जवळून काढला असणार. माझ्या नवऱ्याने, प्रशांतने, फोटो ताणून ताणून पाहिला, मग माझा हात ओढून माझी अंगठी पाहिली. "मोठ्या सुनेच्या बोटात बारका अन् धाकटीच्या बोटात मोठा. लोकं काय म्हनतीन?" लोकं म्हणजे त्याचे तीन मामा आणि कृषी केंद्राच्या बाकावर दिवसभर बसणारे चार रिकामे.

तर माझ्या साखरपुड्याच्या अंगठीतला हिरा बदलून मोठा बसवायचा. आमची अंगठी अकोल्याच्या शोरूममधली. त्यांचीच शाखा आता बुलढाण्यात निघाली आहे. जुना हिरा परत घेतात, त्याची किंमत धरून मोठा देतात. नऊ वर्षं मला ही अंगठी लहान वाटली नाही. आज दुपारपासून वाटतेय. कमाल आहे.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "जुनंच राहू द्या. कायले बदलता." एरवी दुसऱ्यापेक्षा आपलं वरचढ दिसावं म्हणून जीव टाकतात.

८ जानेवारी, बुधवार
शाळा सुटल्यावर एकटीच शोरूम पाहून आले. घरी मोताळ्याला जायची बस साडेपाचला, तासभर हातात होता.

काचेचं दार, आत थंडगार. जानेवारीत एसी. कोट घातलेली मुलगी पुढे आली. दर वाक्याला दोनदा मॅम. "तुमच्या अपग्रेडच्या प्रवासात आम्ही सोबत आहोत मॅम." मला प्रवास म्हटलं की राजूर घाटातली उभ्याने काढलेली बस आठवते. तिने माझा हात मखमलीच्या उशीवर ठेवला. नखांत खडू भरलेला. तिने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं, हसू तसंच. त्या हसण्याची मला किळस आली.

नियम: जुन्या अंगठीचं कार्ड आणि बिल आणायचं. नवा हिरा जुन्याच्या दुप्पट किमतीचा तरी पाहिजे. म्हणजे थोडासा मोठा घ्यायची सोयच नाही.

एक घालून पाहिला. चांगला दिसला. हे लिहायचं नव्हतं, पण दिसला.

१२ जानेवारी, रविवार
मी, प्रशांत आणि लेक ओवी. शोरूम.

त्यांच्याकडे पेनासारखं यंत्र असतं. टोक हिऱ्याला टेकवलं की वाजतं. मुलीने टेकवलं, वाजलं नाही. तिने अंगठी पुसून पुन्हा टेकवलं. नाही. मग मॅनेजर आला. त्याने स्वतःच्या अंगठीला टेकवलं, लगेच वाजलं. आमच्या अंगठीला मुकं.

तो प्रशांतकडे बघून म्हणाला की हा अमेरिकन डायमंड आहे. आमच्याकडून गेला तेव्हा हिराच होता, कार्डावर वजन आहे, आणि कोंदणाची टोकं नंतर कोणीतरी उचकटून पुन्हा दाबली आहेत. आम्ही कोणावर आरोप करत नाही, हेही दोनदा बोलला. शेजारच्या काउंटरवरच्या दोन बायका बांगड्या सोडून आमच्याकडे बघायला लागल्या.

प्रशांतचा चेहरा एकदम उतरला. क्षणभरच. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हिच्या भावाने नेली होती एकदा. सैल करायला."

नेली होती, खरं आहे. ओवीच्या वेळी मी उंद्रीला माहेरी होते. सातव्या महिन्यात बोटं सुजली, तेव्हा दादाने अंगठी चिखलीच्या सोनाराकडून सैल करून आणली.

मी अंगठी उचलून पर्समध्ये टाकली. तेवढ्यात त्यांची कॉफी आली, आणि प्रशांतने ती घेतली.

१३ जानेवारी, सोमवार
काल घाट उतरताना प्रशांत म्हणाला, "मी चोर म्हनलं का त्याले? झालं ते सांगतलं."

आज मधल्या सुट्टीत दादाला फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं, तेव्हा अंगठी कोणत्या सोनाराकडे दिली होतीस रे. त्याने नाव सांगितलं. मग म्हणाला, काऊन इचारतं? मी सांगितलं, हिरा खोटा निघाला. त्याच्या मागे मळणीयंत्राचा आवाज येत होता, तुरी काढणं चाललं असेल.

"म्हंजे मी..." एवढंच म्हणाला.

नाही रे दादा, तसं नाही, मी आपलं विचारलं. बरं म्हणाला आणि फोन ठेवला.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. शेजारी हळदीकुंकवाला गेले. बोट मोकळं, अंगठी कपाटात. दोघींनी विचारलं. धुवायला दिली म्हणाले. इतक्या सफाईने खोटं बोलले की माझं मलाच नवल वाटलं. घरात सगळे तिळगूळ तोंडात धरून गोड. सासूबाईंनी आज माझ्या नजरेला नजर दिली नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार
दादा शाळेत आला. शिपाई सांगायला आला की भाऊ फाटकाशी उभे आहेत. आत ये म्हटलं तर येईना. चप्पल मातीने भरलेली, उंद्रीहून दोन गाड्या बदलून आलेला.

चिखलीच्या सोनाराकडे जाऊन आला होता. तो म्हणतो मी नुसती कडी वाढवली, खड्याला हात लावला नाही. मग दादाने पिशवीतून रुमाल काढला. रुमालात वहिनीचे झुमके. तिच्या लग्नातले.

"हे ठेव. हिऱ्याएवढं नाई होनार. पन तुह्या घरी तुले तोंड राहीन."

मी झुमके त्याच्या पिशवीत परत कोंबले. तो परत काढायला लागला. शाळेच्या फाटकात आम्ही दोघं लहान पोरांसारखी ओढाताण करत होतो, आणि सहावीची मुलं खिडकीतून बघत होती. शेवटी मी रडले, तेव्हा त्याने पिशवी बंद केली. चहासुद्धा घेतला नाही.

वर्गात जाऊन पाढे म्हणवून घेतले. शिसारी आली आहे सगळ्याची. शोरूमची, त्या मॅम मॅमची, प्रशांतची, वाटाण्याएवढ्या हिऱ्याची. वहिनीचे कान डोळ्यांसमोरून जात नाहीत.

१९ जानेवारी, रविवार
आज कळलं. जमेल तसं लिहिते.

सकाळी चहाला सगळ्यांसमोर सांगितलं, उद्या चिखलीला जाते आणि त्या सोनाराची पोलिसात तक्रार देते. प्रशांत म्हणाला, कायले वाढवतेस. मी म्हणाले, माझ्या भावाचं नाव घेतलं आहेस, आता वाढवणारच. सासूबाई चुलीपाशी उभ्या होत्या, त्या तिथेच खाली बसल्या.

मग त्यांनीच सांगितलं. या घरात रीत आहे, कोणताही खडा अंगावर घालायच्या आधी तीन रात्री उशाखाली ठेवायचा. वाईट स्वप्नं पडली तर परत करायचा. माझी अंगठी घाईत शोरूममधून थेट साखरपुड्यात आली, उशाखाली ठेवलीच नाही. लग्नानंतर माझं पहिलं पोट पडलं. त्यांना वाटलं हिरा मानवला नाही. धुऊन देते म्हणून माझ्याकडून अंगठी घेतली, मोताळ्याच्या सोनाराकडून हिरा काढला आणि तसाच दिसणारा खोटा बसवला. मला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नाही.

देवघरातून हळदीचा डबा आणला. तळाशी कागदाची पुडी. हिरा ज्वारीच्या दाण्याएवढा, पिवळा माखलेला. इतकी वर्षं मी काचेचा तुकडा मिरवला आणि हा हळदीत पडून होता.

"तुह्यासाठीच केलं वो माय. मंग ओवी झाली का नाई?"

त्यांच्यावर धड रागावताही येईना. ते पोट फक्त मलाच आठवतं असं मला वाटायचं. त्याही विसरल्या नव्हत्या. पण त्या पुडीला लगेच हात लावला नाही, हेही खरं.

मी विचारलं, आणखी कोणाला माहीत होतं. सासूबाईंनी मान खाली घातली. मी प्रशांतकडे पाहिलं.

तो म्हणाला आईने शपथ घातली होती. ओवी झाल्यावर हिरा परत बसवला असंच त्याला वाटत होतं, आईने तसं सांगितलं होतं. नाहीतर शोरूममध्ये नेली असती का? मशीन वाजली नाही तेव्हा त्याला समजलं.

म्हणजे तेव्हाच. मॅनेजरसमोर चेहरा उतरला तो तेव्हाच.

"मग दादाचं नाव का घेतलं?"

"तिथं काहीतरी सांगा लागत होतं. त्या पोरीसमोर आईचं नाव घेऊ का?"

इतक्या सरळपणे बोलला. त्याला खरंच वाटतं की हे उत्तर आहे. आईचं नाव घेता येत नाही, बायकोच्या भावाचं घेता येतं. त्यासाठी त्याला विचार करायला दोन सेकंदही लागले नव्हते. जेवताना त्याच्या हातातल्या भाकरीकडे बघवेना. ताट घेऊन आत गेले.

२१ जानेवारी, मंगळवार
प्रशांतच्या लेखी प्रकरण मिटलं. हिरा मिळाला न, मग झालं. शोरूमला फोनही करून मोकळा झाला. ते म्हणाले घेऊन या, तपासू, वजन जुळलं तर योजना लागू. साखरपुड्याआधी मोठा हिरा बोटात पाहिजेच, हे अजून डोक्यातून गेलेलं नाही. कसलं डोकं आहे.

मी सांगितलं, आधी उंद्रीला चल आणि दादाला स्वतःच्या तोंडाने सांग. म्हणाला फोनवर सांगतो. मी नाही म्हणाले. मग म्हणाला, जवाई असून सासुरवाडीत जाऊन माफी मागू का. मी म्हणाले, माफी राहू दे, नुसतं झालं ते सांग. शोरूममध्ये सांगायला जमलं होतं तुला.

हिऱ्याची पुडी माझ्या पर्समध्ये. अंगठी वेगळी. मी दोन्ही देत नाही म्हटल्यावर रविवारी यायला तयार झाला.

२६ जानेवारी, रविवार. उंद्री
सकाळी शाळेत झेंडावंदन. तिथूनच प्रशांतच्या गाडीने इकडे. ओवी आजीजवळ.

दादाने जावयासाठी खुर्ची पुसली, वर धुतलेला टॉवेल टाकला. पाणी, चहा, चिवडा. वहिनीने पदर सावरून नमस्कार केला. कानात झुमके नव्हते, साध्या रिंगा होत्या. रोज घालत नसेल. मी विचारलं नाही.

हिरा सापडला एवढंच मी फोनवर कळवलं होतं, म्हणून दादानेच विषय काढला. सापडला म्हने?

प्रशांत म्हणाला, "हाव. घरातच होता. कपाटाच्या फटीत."

कपाटाच्या फटीत. कोंदणातला हिरा आपोआप बाहेर येऊन कपाटाच्या फटीत गेला आणि खोटा त्याच्या जागी येऊन बसला. तीस किलोमीटर गाडीत बसून हे ठरवलं असणार.

मी सगळं सांगितलं. सासूबाई, सोनार, हळदीचा डबा. आणि हेही, की यंत्र वाजलं नाही तेव्हा यांना कळलं होतं आणि तरी तुझं नाव घेतलं. वहिनी आत निघून गेली. प्रशांत चहा फुंकत राहिला. दादाने त्याच्या पुढ्यात चिवड्याची ताटली सरकवली आणि म्हणाला, जाऊ द्या, सापडलं हे महत्त्वाचं. मग तुरीच्या भावावर बोलायला लागला. प्रशांतही बोलायला लागला. दोघंही सुटल्यासारखे बोलत होते.

निघताना प्रशांत म्हणाला चल लवकर, शोरूम आठला बंद होते. मी म्हणाले मी आज इथे राहते. त्याने माझ्या पर्सकडे पाहिलं. ते मी पाहिलं, हे त्यालाही कळलं. गेला.

२७ जानेवारी, सोमवार. उंद्री
रजा टाकली. प्रशांतचा मेसेज: शोरूमवाल्यांनी शुक्रवारपर्यंत थांबतो म्हटलं, कधी येतेस. खाली ओवीने बोलून पाठवलेलं, आई माझी वही कुठे आहे. ओवीला उत्तर दिलं.

सकाळी दादा म्हैस पिळत होता. मी शेजारी ओट्यावर. म्हणाले, दादा, रविवारी आकाशच्या साखरपुड्याला तुम्ही नाही आलात तर मीही जाणार नाही. तो म्हणाला येऊ की, न यायला काय झालं. मी म्हणाले, असं कसं, त्यांनी तुला चोर ठरवलं.

त्याने बादली बाजूला ठेवली. वर न बघता बोलला.

"जवाई बोलले त्याचं मले काई वाटलं नाई. ते परके हाय. पन तू फोन करून सोनाराचं नाव इचारलं, वैशू."

मी म्हणाले, हो, विचारलं. त्याने दूध गाळून किटलीत भरलं आणि डेअरीवर निघून गेला. यायला अर्धा तास लागतो. मी अजून ओट्यावरच आहे.