एकसष्ट पाट्या

३ फेब्रु.
हातानं केलेलं, आजवर: वेबसाइटची पानं ६१. दिल्लीच्या हॉस्पिटलच्या आतले नकाशे ९, पावलं मोजून. बाहेरगावच्या पेशंटसाठी खोल्या ३४. प्रत्येक जिना चढून, नळ सोडून बघून. सगळं मराठीत. कोडही स्वतः शिकून, क्लास न लावता.
आज सगळ्या पानांचे पत्ते बदलले. आधीचे कसेही होते, डोळ्यांत खुपायचे. आता ०१ ते ६१. नीट.

११ फेब्रु.
रोज दोनशेच्या आसपास माणसं साइटवर यायची. काल ४. त्यातला एक मी.

१२ फेब्रु.
सर्चमध्ये स्वतः शोधलं, 'दिल्ली हॉस्पिटल राहण्याची सोय'. दोन वर्षं पहिला होतो. आता तिसऱ्या पानापर्यंत नाही. पहिला एक खोल्या देणारा एजंट. ओपीडीला गेट १ लिहिलंय त्यानं. गेट ३ आहे.
जेवलो. भाजीत मीठ नव्हतं असं ही म्हणाली. मला कळलं नव्हतं.

१५ फेब्रु.
मुक्ता नोएडाहून आली. लेकीला पाच मिनिटांत सापडलं.
"बाबा, जुन्या पत्त्यांवर काहीच ठेवलं नाहीस?"
"काय ठेवायचं? पानं हलवली."
"अच्छा, आणि सर्चला कोण सांगणार? तू विचारलंस की ते तेव्हा धावत बघायला नाही जात, यार. आधीच फिरून यादी करून ठेवतं. यादीत तुझा जुना पत्ता. तिथं कोणी नाही. मग नाव कटतं."
घर बदललं की जुन्या दारावर पाटी लावायची, एवढंच होतं. हॉस्पिटलचं काउंटर हललं की संध्याकाळपर्यंत साइटवर लिहिणारा मी.
जुन्या पत्त्यांवर ६१ पाट्या लावल्या, एकेक. ती म्हणाली, कोडच्या एका ओळीत होतं. असू दे.

१९ फेब्रु.
फोन. परभणीचे जाधव, आईला घेऊन आलेले. "सर्चमध्ये पहिलं आलं तिथं उतरलो, साहेब. आईला तीन जिने. गेटही चुकलं, आजचा नंबर गेला. तुमचा फोन आमच्या मास्तरांनी कागदावर दिला होता."
ड्यूटीआधी जाऊन हलवलं त्यांना. यादीतली ७ नंबरची खोली, तळमजला. म्हातारीनं विचारलं, "तुमचं कोण होतं हो इथं?"
"थोरला भाऊ."
एवढंच बोललो. दादाला मी गेट १ वरच नेलं होतं. ३ ला पोचेस्तोवर काउंटर बंद. बाकावर बसून म्हणाला, "वीस वर्षं दिल्लीत राहतोस, आणि दार माहीत नाही होय रे?" चिडला नव्हता. दमला होता.

२८ फेब्रु.
९ माणसं. मुक्ता म्हणते, सर्च परत फिरकेल, वेळ लागतो. किती? "पता नहीं, बाबा."
एजंटचं गेट अजून १.

४ मार्च
तो एजंट, फोनवर. गोड बोलतो. खोल्यांची यादी नको, नकाशे नकोत. साइटचं नाव आणि पत्ता हवा. गावोगावच्या लोकांनी आपापल्या पानांवरून लिंक देऊन माझ्याकडे बोट दाखवलंय, ते वजन सर्च धरतं म्हणे. "आपको तो अब कोई ढूँढ़ नहीं पा रहा, भाईसाहब."
म्हटलं, आधी गेट दुरुस्त करा. हसला.
ही म्हणाली, "विचार तरी करायचा होता."
आज ११ माणसं.
साइटचं नाव कायमचं त्याच्याकडे, खाली त्याच्या खोल्या, वर 'संस्थापक' म्हणून मी. मला चार लाख पंचाहत्तर हजार. नाही म्हटलं.