भूतबंगल्यातलं भाषण

महाबळेश्वर, सोमवार

प्रिय अम्मी,

सलाम. आम्ही सुखरूप आहोत, पोरं पोटभर जेवतात. तू गोळ्या वेळेवर घेतेस ना, की घरी तुझ्याजवळ असलेल्या वाजिदला फसवतेस?

काल पोरांच्या हट्टापायी इथल्या भूतबंगल्यात गेलो. वीस वर्षं शेळगाव-वरकुट्यात अंधश्रद्धेविरुद्ध भाषणं देत भूत नसतं म्हणून घसा फोडला, आणि इथं तिकीट काढून भूत बघायचं! अंधारात सांगाडा अंगावर आला, तसा मी मोबाईलचा उजेड पाडून पोरांना त्याची दोरी दाखवू लागलो. तेव्हा पांढऱ्या साडीतलं भूतच केसांचा टोप सावरत म्हणालं, "साहेब, भाषण बाहेर करा की. मागं रांग हाय."

बाहेर येताच धाकटा अरफात रडला. मला वाटलं, घाबरला. हीना फणकारली, "अब्बा, भूत खोटं हाय हे आमाला ठाव हाय. म्हणून तर घाबरायला गेलतो. तुमी सगळं नासवलं." वर विचारते, "दादीचा रिपोर्ट आला का, हे फोनवर का इचारत न्हाय?"

मी त्या दहा वर्षांच्या पोरीला मक्याचं कणीस घेऊन दिलं.

सहल मोडायची नाही, हा हट्ट तुझाच. पण बारामतीच्या डॉक्टरांनी तुझ्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवल्यापासून मी रोज फोन करतो आणि डाळिंबाच्या भावावर बोलून ठेवतो. हजार माणसांपुढं न अडणारी जीभ तुझ्यापुढं अडते.

रविवारपर्यंत इथंच आहोत. पत्र हाती पडलं की तूच फोन कर. मी डाळिंबाचं काढलं तर मधेच तोड आणि आधी रिपोर्टचं सांग. हीनाला जवळ बसवून घेईन.

तुझा
मकसूद