नाळेवरचा नारळ

मांडवी, कार्तिक वद्य पंचमी, शके १८५३

आज माझ्या मेहुण्याला, बहिणीच्या नवऱ्याला, पांडू तांडेलाला धक्क्यावर अफूसह पकडले. पकडले म्हणजे मीच. गोव्याहून आलेले त्याचे गलबत कस्टमच्या आमच्या शिपायांनी धुंडाळले, काही सापडले नाही. मला मात्र नाळेला, गलबताच्या पुढच्या टोकाला, बांधलेला पूजेचा नारळ खटकला. नारळी पौर्णिमेचा नारळ कार्तिकात हिरवट कसा राहील? शिपाई त्याला हात लावीनात. शेवटी मीच फोडला. आत अफू.

संध्याकाळी वकिलांच्या ओटीवर त्यावरूनच वाद. वकील म्हणाले, "फिरंग्यांची गोव्याकडची हद्द बंदच केली पाहिजे."

सुकटवाले हसनमियां म्हणाले, "समुद्राला कडी कुठे लावता, वकीलसाहेब?"

सगळे हसले. मला विचारले, तर मी कायदा कलमासकट सांगितला. कायद्याचे ते इंग्रजी माझे मी शिकलो आहे. सांगितले ते बरोबरच होते.

घरी बहीण येऊन बसली होती. रडत नव्हती.

"दादा, नारळ कोणी फोडला?"

"मी."

ती उठून गेली.

वाईट वाटायला हवे होते का? काहीच वाटत नाही. जेवायला बसलो. बांगड्याच्या कालवणात आज नारळ घातलेला नव्हता. बायकोला विचारले नाही. जेवलो.