वाळुंजाचं पाणी

३ फेब्रुवारी १९७४, रविवार

सर्जेराव आज स्वतः वस्तीवर आले! काम असल्याशिवाय ते येत नाहीत. त्यांच्या विहिरीच्या बांधकामात पिंपळ उगवलाय, दगड सुटायला लागलेत. पण पिंपळात मुंजा राहतो, तोडला तर पाप, म्हणून त्यांच्यातला एकही माणूस हात लावत नाही. म्हणाले, "तुमी तर बौद्ध. तुमाला कुठलं आलंय पाप? टाका काढून."

मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातानंच बाहेर आले. म्हटलं, काढू, पण मारणार नाही. मुळासकट आणून आमच्या विहारापुढं लावू.

ते हसले. "दगडातलं झाड हाय ते, धुरपदे. तुमच्या मातीत जगतंय व्हय?"

जगेल, म्हटलं. बोलून तर बसले. मेलं तर सगळं गाव हसणार, आणि वर म्हणणार — बघा, मुंजानं दाखवलं.

५ फेब्रुवारी

मच्छिंद्रदादा दौंडहून आला. रेल्वेत लागल्यापासून त्याला सगळं दुकानातलंच पटतं. मुळं फुटायची पावडर मिळते म्हणे. भागुबाई आत्यानं साहेबलोकांच्या बंगल्यात जन्मभर गुलाब लावले. ती म्हणाली, "पावडर कशाला? नदीला वाळुंज हाय की." वाळुंजाची डहाळी ओल्या वाळूत नुसती खुपसली तरी मुळं धरते. ठेचून भिजत घातली की तो जोर पाण्यात उतरतो. त्या पाण्यात रोपाची मुळं बुडवून ठेवायची.

दादा — "अडाणीपणा सगळा." मी म्हटलं, तुझी पावडर वहिनीच्या कुंडीत घाल.

८ फेब्रुवारी

भीमेच्या काठावरून वाळुंजाचे कोवळे फोक आणले. ठेचून माठात भिजत घातले. पाण्याला कडवट वास सुटलाय. शेजारणीनं विचारलं, काढा कुणाला? मुंजाला, म्हटलं.

१० फेब्रुवारी

एरवी त्या विहिरीच्या पायऱ्यांवर आम्हाला पाऊल टाकू देत नाहीत. आज पाप करायचं होतं, म्हणून पायऱ्या मोकळ्या. उतरताना ठरवून सावकाश उतरले.

दगड एकेक करून सैल केले, तरी मोठं मूळ आत तुटलंच. हातात आली ती चार बारीक मुळं. सर्जेरावांच्या मंडळी, सरूबाई, काठावर उभ्या होत्या. त्यांनी झाडाला हात जोडले. आमच्याकडं पाहिलं नाही.

दिवसभर मुळं वाळुंजाच्या पाण्यात ठेवली. ऊन उतरल्यावर मुळांना कोरफडीचा गर आणि शेणमाती लावली, निम्मी पानं छाटली आणि झाड लावलं. उरलेलं पाणी बुडाशी ओतलं. आत्या म्हणाली, "आता त्याला छेडू नगंस. मुळं फुटताना कुणी बघायचं नसतं."

११ फेब्रुवारी

पानांनी माना टाकल्या.

१९ फेब्रुवारी

एकही पान उरलं नाही. नुसती काठी उभी आहे. सर्जेराव बैलगाडी थांबवून मुद्दाम ओरडले, "काय धुरपदे, गेला का मुंजा?" म्हटलं, झोपलाय. उठला की निरोप धाडते.

घरात आले आणि रडले. भीती वाटते. माझ्या एकटीच्या तोंडापायी सगळ्या वस्तीला बोल लागेल.

दादा म्हणतो, दौंडच्या रोपवाटिकेतून दुसरा पिंपळ आणू, गुपचूप बदलू, कुणाला कळतंय? मला कळेल. नाही म्हटलं. मला दुसरा नकोच. ज्याला त्यांनी आमच्या हातून मारायला काढलं होतं, तोच मला जगवायचाय. दादा चिडून जेवला नाही. न जेवो.

२ मार्च

राहवलं नाही. सालीला हळूच नख लावलं. आत हिरवं आहे. कुणाला सांगितलं नाही. वाळुंजाचं ताजं पाणी करून घातलं.

१७ मार्च

तांबडी पालवी! शेंड्याला तीन पानं, बोटाच्या पेराएवढी. वस्तीतलं माणूस न् माणूस येऊन बघून गेलं. आत्या काठी टेकत आली, बुडाशी बसून राहिली. दादा म्हणाला, "कुंपण घातलं पायजे, शेरडं खातील." स्वतःच बाभळीच्या फांद्या आणायला गेला. मी मुद्दाम सर्जेरावांच्या दारावरून चक्कर मारली. ओसरीवर होते. मला बघून आत गेले.

३० मार्च, शनिवार

सकाळी सरूबाई वस्तीत आल्या. एकट्या. जन्मात कधी आल्या नव्हत्या. म्हणाल्या, "झाडासंगं मुंजा बी हितंच आला आसंल. शनवारचं पानी कदी चुकवलं न्हवतं मी त्याचं, झाड हललं तवापास्नं ऱ्हायलंय. घालू का?" वाटेत ठेच लागून तांब्या सांडला होता. माझ्या हंड्याकडं बघत म्हणाल्या, "तुमच्यातलंच द्या."

ते आम्हाला ओततात तसं मी वरून ओतलं नाही. त्यांचा तांब्या हातात घेतला, माझ्या हंड्यात बुडवला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी घेतला.